कामाची घडी कोणी बसवली?

आढावा बैठक कोणत्याही तालुक्याची असो, एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'या गावाचं काम समाधानकारक नाही.' वाक्यात बाईचं नाव नसतं, पण ती कोण हे सभागृहात सगळ्यांना ठाऊक असतं. मागच्या रांगेत, मांडीवर रजिस्टरांची पिशवी घेऊन बसलेली आशा किंवा अंगणवाडी सेविका मान खाली घालते. साहेब पुढच्या गावाकडे वळतात. पुढच्या महिन्यात तेच वाक्य आणि तीच खाली गेलेली मान. फरक पडलाच तर एवढाच, की दरम्यान एक नवं रजिस्टर वाढलेलं असतं.

मैत्रिणींनो, या बायकांच्या मानधनाबद्दल आपण चळवळीत पुष्कळ बोललो आहोत आणि ते बोलायलाच हवं. मोर्चे निघाले, संप झाले, थोडंफार पदरातही पडलं. पण मानधनाइतकाच महत्त्वाचा एक प्रश्न आपल्या मागणीपत्रकात शेवटच्या ओळीत जातो, कधी कधी तिथेही पोचत नाही. तो आहे कामाच्या रचनेचा. कामाचे तुकडे कोणी पाडले? कोणत्या तुकड्याला पैसे आणि कोणता फुकट? कोणत्या वेळी करायचं, कोणाकोणाला जाब द्यायचा, अडलं तर कोणाकडे जायचं? गावपातळीवरच्या बाईचं काम चांगलं होतं की वाईट, हे तिच्या निष्ठेवर किंवा आळसावर जितकं अवलंबून असतं, त्याहून किती तरी जास्त या प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असतं, असं माझं म्हणणं आहे. आणि ही उत्तरं ठरवताना तिला कधीच विचारलेलं नसतं.

इथला मुलूख, इथली बाई

मी वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात, इंझोरी आणि आसपासच्या गावा-तांड्यांत महिला गटांबरोबर काम करते. मुलूख कोरडवाहू. सोयाबीन, तूर, कपाशी. बंजारा समाजाचं श्रद्धास्थान असलेलं पोहरादेवी याच तालुक्यात, त्यामुळे तांड्यांची वस्ती बरीच. सोयाबीन सोंगणीला आलं की बायका सकाळी सातलाच घर सोडतात. त्यात सातवा महिना लागलेली असते आणि दीड महिन्याचं बाळ सासूजवळ ठेवून निघालेलीही असते. दिवाळी झाली की कित्येक घरांना कुलूप लागतं, माणसं कामाच्या शोधात बाहेर पडतात.

२०१८ साली नीती आयोगाने 'आकांक्षित जिल्हे' निवडले. महाराष्ट्रातून चार : नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाचा उस्मानाबाद आणि आमचा वाशीम. प्रत्येक जिल्ह्याची गुणपत्रिका तयार झाली, तीत आरोग्य आणि पोषणाला शंभरातले तीस गुण. जिल्ह्याचा क्रमांक घसरला की दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला विचारणा होते. ती उतरत उतरत शेवटी पोचते तांड्यावरच्या एका बाईपर्यंत. तिच्या खाली विचारायला कोणी नसतं.

ही बाई सरकारी कागदावर कोण आहे? अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली. सेविका तेव्हापासून 'मानसेवी'. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्याबरोबर आशा. साधारण हजार लोकसंख्येमागे एक, त्याच गावची, विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता. तिला म्हटलं 'स्वयंसेविका'. कल्पना अशी होती, की रोजचे दोन-तीन तास, आठवड्याचे चारेक दिवस तिने द्यावेत, तिच्या पोटापाण्याच्या कामात खंड पडू नये.

आमच्या एका गटात आम्ही एका आशाताईच्या एका दिवसाचा हिशेब फळ्यावर मांडला. दिवस ऑक्टोबरमधला. पहाटे घरचा स्वयंपाक. सातच्या आत, बायका शेतात निघण्यापूर्वी, लसीकरणाची आठवण करायला तांड्यावर फेरी. मग क्षयरोगाच्या एका रुग्णाने गोळ्या घेतल्या का ते बघणं. दहा वाजता फोन : अमुक माहिती बारा वाजेपर्यंत पाठवा. ती माहिती मागच्या आठवड्यात दुसऱ्या साहेबांना दिलेली असते, पण नमुना वेगळा. दुपारी डासअळ्यांसाठी पाण्याची भांडी तपासणं. संध्याकाळी बायका परतल्या की एका बाळाच्या घरी वजनकाटा घेऊन जाणं. रात्री जेवणं झाल्यावर दिवसभराचे फोटो गटावर टाकणं. अंथरुणाला पाठ टेकते तोच दार वाजतं, कोणाच्या तरी कळा सुरू झालेल्या असतात. दोन-तीन तास कुठे गेले हे फळ्यावर कोणालाच सापडलं नाही.

मग आम्ही तिला जाब विचारू शकणाऱ्यांची यादी केली. उपकेंद्राची नर्सबाई, आरोग्यसेवक, समुदाय आरोग्य अधिकारी, गटप्रवर्तक, तालुका समूह संघटक, डॉक्टर, शिवाय ग्रामपंचायत. प्रत्येकाचं काम 'तातडीचं'. कोणतं आधी, कोणतं नंतर, हे ठरवण्याचा अधिकार मात्र जी ते करते तिला नाही. ताई म्हणाली, "मायं काम कोनी पायत नायी ताई, मायं फारम पायतेत." या एका वाक्यात जे आहे ते माझ्या अभ्यासक्रमातल्या 'मनुष्यबळ व्यवस्थापन' या जाडजूड विषयात नव्हतं.

पैसे कशाला आहेत, कशाला नाहीत

आशाच्या कामाला तुकड्याप्रमाणे मोबदला आहे. केंद्राने काही नेहमीच्या कामांसाठी दरमहा ठरावीक रक्कम दिली, २०१८ साली ती एक हजारावरून दोन हजार केली, राज्यानेही आपली भर घातली. तरीही कामाचा गाभा तुकड्यांचाच आहे, आणि तुकडे कसे पाडलेत ते बारकाईने बघण्यासारखं आहे.

नवजात बाळाच्या घरभेटींचं उदाहरण घ्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटायचं. वजन करायचं, अंग गरम-थंड बघायचं, नाळ बघायची, बाळ अंगावर नीट पितं का ते शेजारी बसून बघायचं. मनापासून केलं तर एका भेटीला तास जातो. २०११ साली ही योजना देशभर लागू झाली तेव्हा सहाही भेटींचे मिळून २५० रुपये ठरले, म्हणजे भेटीमागे सुमारे ४२ रुपये. आणि त्याला अटी होत्या : वजनाची नोंद, लसी, जन्मनोंदणी, आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघंही सुखरूप असणं.

ही शेवटची अट पुन्हा वाचा. बाळ अशक्त जन्मलं, आशाने पंचवीस दिवस त्याच्यासाठी जिवाचं रान केलं, दोनदा दवाखान्यात नेलं, आणि तरीही ते गेलं, तर तिच्या श्रमाची किंमत शून्य. धडधाकट बाळाच्या घरी उंबऱ्यातून डोकावून आलेलीला पूर्ण रक्कम. ज्या बाळाला तिची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच घरी तिचं काम सर्वांत जास्त जोखमीचं करून ठेवलं. अशी अट लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही, 'परिणाम दाखवा, पैसे घ्या' हे सूत्र त्याला न्याय्यही वाटलं असेल. पण बाळाच्या जगण्यात आईचं कुपोषण, रस्ता, गाडी, दवाखान्यात डॉक्टर असणं-नसणं यांचा वाटा असतो. त्यातलं काहीच आशाच्या हातात नाही. जे हातात नाही त्यावर मोबदला टांगला, की माणूस जे हातात आहे ते करतो : कागद पूर्ण करतो.

दुसरं उदाहरण जननी सुरक्षा योजनेचं. ग्रामीण भागात आशाला एका बाळंतपणामागे ६०० रुपये, त्यातले ३०० गरोदरपणातल्या देखरेखीचे आणि ३०० दवाखान्यातल्या बाळंतपणाचे. पण महाराष्ट्रासारख्या राज्यात या योजनेचा लाभ दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बाईलाच आहे. आमच्याकडचा बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. म्हणजे तांड्यावरची बाई दारिद्र्यरेषेच्या यादीत नसली तर ती लाभार्थी नाही, आणि तिच्यासाठी रात्र जागवलेली आशाही मोबदल्यात नाही. दोन शेजारणी, सारखीच गरिबी, सारखीच रात्र, पण एका रात्रीला पैसे आणि दुसरीला नाहीत. तरी आमच्या आशा दुसरीकडेही जातात. का जातात? त्याच गावात राहायचं असतं, उद्या विहिरीवर तीच बाई भेटणार असते म्हणून. सरकारची रचना चालते ती या शेजारधर्माच्या जिवावर, आणि त्याचा उल्लेख कुठेच नाही.

ज्याला रजिस्टरमध्ये रकाना नाही अशी कामं तर कितीतरी. नवरा मारतो म्हणून बाई तपासणीला येत नाही, हे ओळखणं. दोन मुलींवर तिसऱ्यांदा दिवस गेलेल्या सुनेला शहरात कुठे 'नेऊन आणलं', याची कुजबुज पकडणं. सासूजवळ बसून, चहा घेऊन, सुनेच्या जेवणाचा विषय काढणं. आपण संघटनेत ज्याला मोलाचं काम म्हणतो ते नेमकं इथे आहे. घरातल्या हिंसेची पहिली खबर कित्येकदा आशालाच असते. पण तिची पिशवी मोजणीच्या कामांनी इतकी भरलेली आहे, की बसायला वेळ उरत नाही.

हे नवीन नाही. कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांनी काय झालं ते जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. 'केसेस आणा' म्हटलं की केसेस आल्या, त्या कशा आल्या हे कोणी विचारलं नाही. बायकांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला, आणि एप्रिल १९९६ मध्ये केंद्राला ती उद्दिष्टं अधिकृतपणे मागे घ्यावी लागली. आकडा हाच कामाचा मालक झाला, की काम आकड्याच्या आकाराचं होतं. हा धडा आपणच सरकारला शिकवला होता.

मोबाईल कोणासाठी?

१ मार्च २०२१ पासून अंगणवाडीच्या नोंदी 'पोषण ट्रॅकर' या मोबाईलवरच्या व्यवस्थेत गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन तापतात, अडकतात, जागा पुरत नाही, आणि ज्या भाषेत आम्ही मुलांना शिकवतो त्या भाषेत ही व्यवस्था नाही, अशी त्यांची तक्रार होती. वर्तमानपत्रांत ही बातमी 'तंत्रज्ञानाला विरोध' अशी गेली. माझ्या मते आपल्या कामाच्या रचनेवर बोट ठेवणारं, महाराष्ट्रातल्या कष्टकरी बायकांचं अलीकडचं ते सर्वांत मोठं सामूहिक आंदोलन होतं. आपण त्याकडे हवं तितकं लक्ष दिलं नाही.

१ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थी आईचा चेहरा मोबाईलवर पडताळून घेणं आलं. त्याआधी आधारची जोडणी, तिच्या क्रमांकावर येणारा ओटीपी. तांड्यावर घरात एकच फोन असतो आणि तो नवऱ्याबरोबर कामाच्या गावी गेलेला असतो. सेविका इथून फोन लावते, तो तिकडे कामावर, उचलत नाही. उचलला तर अनोळखी बाईला ओटीपी का सांगायचा म्हणून ठेवून देतो, आणि त्याचंही चूक नाही. तोवर अंगणवाडीत वीस लेकरं आपापल्या मर्जीने खेळत असतात. ज्या तासात गाणं व्हायचं, गोष्ट व्हायची, तो तास पडद्याला जातो. चोरी थांबावी हा हेतू असेल, आहाराच्या वाटपात चोरी होत नाही असंही नाही. पण चोरी पकडण्याचा सगळा भार ज्या बाईवर टाकला तिला त्यासाठी ना वेळ दिला, ना माणूस.

मी मोजणीच्या विरोधात नाही. मोजल्याशिवाय कुपोषण दिसत नाही. प्रश्न असा आहे, की मोजून आलेला आकडा बघितल्यावर वरचा माणूस काय करतो. ज्या अंगणवाडीत तीव्र कुपोषित मुलं जास्त निघाली तिथे जादा आहार, डॉक्टर, गाडी पोचली, तर सेविका खरं वजन लिहील. तिथे नोटीस पोचली, तर पुढच्या महिन्यात मुलाचं वजन कागदावर वाढेल. दोन्ही वेळा बाई एकच असते.

दुसरी घडीही असते

'शिकलेल्या नाहीत, त्यांना जमणार नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच राज्यात दोन उत्तरं आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. त्यांच्या गावआरोग्य कार्यकर्त्यांत निरक्षर बायका होत्या, दलित बायका होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला एकत्र यायच्या, आपापल्या गावात काय घडलं ते सांगायच्या, एकमेकींकडून आणि डॉक्टरांकडून शिकायच्या आणि परत जायच्या. त्या बैठकीत आढावा होता, पण तो अडचणींचा होता.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायच्या, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनसुद्धा द्यायच्या. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तुलनेच्या गावांपेक्षा या गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे देशभर लागू झालेल्या घरभेटींचं मूळ इथेच आहे. पण गडचिरोलीत त्या बायकांना टप्प्याटप्प्याने शिकवलं होतं, नियमित येऊन शेजारी बसून बघणारा पर्यवेक्षक होता, आणि निर्णय घेण्याचा विश्वास टाकला होता. आमच्याकडे भेटींचं वेळापत्रक पोचलं. बाकीचं गडचिरोलीतच राहिलं.

कारखान्यांच्या जगातही हे जुनं ज्ञान आहे. अमेरिकेत टेलरने १९११ साली 'शास्त्रीय व्यवस्थापन' मांडलं : विचार वरच्याने करायचा, हात खालच्याने चालवायचे, प्रत्येक हालचाल घड्याळाने मोजायची. त्याला छेद देणारा एक प्रयोग आपल्याच देशात झाला. १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी स्वयंचलित मागांच्या एका खात्याचा अभ्यास केला. तिथे २२४ मागांवर २९ कामगार बारा वेगवेगळ्या प्रकारची तुकड्यांची कामं करत होते, आणि कोणाची जबाबदारी कोणाशी जुळत नव्हती. माग नवे असून उत्पादन वाढत नव्हतं. मग कामगारांचे छोटे गट झाले, एकेका गटाकडे ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी गेली, आपसात काम कसं वाटायचं ते गटाने ठरवायचं. तेच माग, तेच कामगार, पण उत्पादन वाढलं आणि खराब निघणारं कापड कमी झालं.

याच विषयातला सर्वांत गाजलेला प्रयोग शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातला. १९२७ साली तिथे काही तरुण कामगार मुलींना वेगळ्या खोलीत बसवून त्यांच्या कामावर निरीक्षण सुरू झालं. त्यांचं उत्पादन वाढलं, कारण त्यांच्याकडे लक्ष दिलं गेलं, असं आम्हाला वर्गात शिकवलं. पुस्तकात कमी सापडणारा भाग असा, की त्यातल्या दोघींना १९२८ च्या सुरुवातीला बाजूला करून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या. त्या कामावर फार बोलत होत्या आणि सहकार्य करत नव्हत्या, हे कारण. बाईच्या कामाचा अभ्यास करतानाही तिचं बोलणं अडचणीचंच वाटलं, ही गोष्ट मला उत्पादनाच्या आलेखापेक्षा जास्त लक्षात राहिली आहे.

मग घडी बदलत का नाही?

कारण ती घरातून उचललेली आहे. घरात बाईच्या कामाला वेळ नसते, सीमा नसते, ठरलेलं वर्णन नसतं. जे कोणी करत नाही ते तिचं. तिला विश्रांती नसते आणि तिच्या मताला विचारायची पद्धत नसते, पण काही बिघडलं की जबाबदार तीच. पितृसत्तेने घरात बसवलेली ही घडी शासनाने जशीच्या तशी गावभर अंथरली आणि तिला 'सेवा' म्हटलं. नावं तरी बघा : आशा, सेविका, मदतनीस. ज्या कामासाठी पुरुष ठेवावा लागला असता तर वेतनश्रेणी, सुट्ट्या आणि गाडीभत्ता द्यावा लागला असता, ते काम बाईच्या चांगुलपणावर सोडून दिलं.

यातली विसंगती सरकारलाही लपवता येत नाही. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने अंगणवाडी सेविकांना अत्यावश्यक सेवा कायदा, म्हणजे मेस्मा, लावला. विरोध झाल्यावर त्याला स्थगिती द्यावी लागली. काम करायचं तेव्हा 'मानसेवी' आणि संप करायचा तेव्हा 'अत्यावश्यक'! २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने अमीरबी प्रकरणात सेविकांचं पद हे नागरी सेवेचं पद नाही असं म्हटलं होतं. २५ एप्रिल २०२२ रोजी त्याच न्यायालयाने मणिबेन भारिया प्रकरणात त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. २०२३-२४ च्या हिवाळ्यात याच गौरव झालेल्या बायका आणि त्यांच्या अंगणवाडीतल्या मैत्रिणी संपावर होत्या. आशांना राज्याकडून पाच हजारांची वाढ मिळाली, ती लढून मिळाली. पण कामाचे तुकडे, साहेबांची रांग आणि रजिस्टरांची पिशवी होती तशीच राहिली. किंबहुना 'आता पैसे वाढवलेत ना?' म्हणून पिशवी आणखी जड झाली.

'पण काही जणी खरंच काम करत नाहीत'

हा आक्षेप खोटा नाही. घरभेट न देता नोंद करणारी आशा मी बघितली आहे. स्वतःच्या जातीच्या आळीत रोज आणि बौद्धवाड्यात किंवा तांड्यावर महिन्यातून एकदा जाणारी सेविकाही बघितली आहे. हे रचनेच्या नावावर खपवून घेता येणार नाही. ज्या बाईच्या दारात ती पोचली नाही तीही बाईच आहे, आणि आपण दोघींच्या बाजूने असायला हवं.

पण मग विचारू या, की आजची व्यवस्था हे पकडते का? तांड्यावर न गेलेल्या सेविकेचे आकडे पूर्ण असतील तर ती 'समाधानकारक'. रोज जाणारीचा फोन बंद पडला तर ती 'असमाधानकारक'. जातीमुळे टाळलेली घरं कोणत्याही पडद्यावर लाल रंगात दिसत नाहीत. ती दिसतील त्या वस्तीतल्या बायकांना विचारलं तर. ज्यांच्यासाठी काम आहे त्यांना कामाबद्दल बोलू दिलं, तर देखरेखही चांगली होईल आणि धाकही कमी लागेल. आणि सेविकेवर देखरेख करणारी पर्यवेक्षिका, आशावर देखरेख करणारी गटप्रवर्तक, याही अशाच अडकलेल्या बायका आहेत. गटप्रवर्तक स्वतःच्या पदरचं पेट्रोल घालून गावं फिरते आणि पोचल्यावर तिला रजिस्टरं तपासण्यापुरताच वेळ असतो. तिला शिक्षिका व्हायचं होतं, तिला हवालदार केलं.

थोडं आपल्या घरातही डोकावू या. देणगीदारांच्या प्रकल्पांवर चालणाऱ्या आपल्या संस्थांत गावपातळीवरची कार्यकर्ती काय करते? तीही बैठकांचे फोटो काढते, सह्या घेते, तिमाही उद्दिष्ट भरते. तिच्या मानधनाचा करार अकरा महिन्यांचा असतो आणि नियोजनाच्या बैठकीला शहरातल्या आम्ही असतो. सरकारला जे प्रश्न विचारायचे ते आपल्या कार्यालयात विचारण्याची तयारी नसेल, तर आपल्या बोलण्यात जोर येणार नाही.

मागायचं काय?

कामगाराचा दर्जा, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा या मागण्या कायम आहेत. २०१३ साली ४५ व्या भारतीय श्रम परिषदेनेही त्यांची शिफारस केली होती. त्यांच्या बरोबरीने, शेवटच्या ओळीत न ढकलता, या मागण्या घ्याव्यात असं मी सुचवते :

एक, कामाची लेखी यादी आणि तिला मर्यादा. नवं काम आलं तर जुनं कोणतं कमी केलं ते त्याच आदेशात लिहावं.

दोन, जाब विचारणारं एकच ठिकाण. बाकीच्या खात्यांनी तिथूनच माहिती घ्यावी, बाईला वेगवेगळ्या नमुन्यांत पुन्हा पुन्हा लिहायला लावू नये.

तीन, मोबदला केलेल्या कामाचा. बाळ दगावलं, बाई लाभार्थी यादीत नव्हती, म्हणून घातलेले श्रम बुडू नयेत.

चार, महिन्यातून एक बैठक अशी, जिच्यात आकडे विचारायचे नाहीत. अडलेली घरं, अडलेल्या केसेस, एकमेकींचे उपाय एवढंच बोलायचं.

पाच, गावातल्या बायकांच्या, विशेषतः तांडा आणि दलित वस्तीतल्या बायकांच्या बैठकीत कामाचं सामाजिक परीक्षण. आणि त्यात सेविकेबरोबर तिच्या वरच्या अधिकाऱ्यांचीही हजेरी.

सहा, कोणतीही नवी मोबाईल व्यवस्था आणण्याआधी ती मराठीत, आणि जिथे नेट पोचत नाही अशा गावात, सेविकांच्या हाती देऊन बघावी. त्यांनी नको म्हटलेलं बदलावं.

यातल्या चौथ्या मागणीसाठी शासन निर्णयाची वाट बघायची गरज नाही. इंझोरीच्या आसपासच्या काही आशा आणि सेविका गेल्या वर्षापासून महिन्याच्या एका दुपारी आमच्या गटाच्या खोलीत जमतात. पहिल्या दोन बैठकांत सगळ्या रजिस्टरंच काढून बसल्या होत्या, सवयीने. तिसऱ्या बैठकीत एकीने एका बाळंतिणीच्या घरचा प्रसंग सांगितला : वजन घटत होतं, सासू दूध पाजू देत नव्हती. दुसरीने तिला सांगितलं, त्या सासूची बहीण माझ्या गावात आहे, मी बोलते. ती बोलली, आणि ते बाळ अंगावर पिऊ लागलं. ही मदत कोणत्याही पडद्यावर नोंदली गेली नाही.

आपापल्या गावात अशी एक दुपार ठरवून बघा. फळ्यावर एका दिवसाचा हिशेब मांडा, जाब विचारणाऱ्यांची यादी करा, बिनमोबदल्याच्या कामांची यादी करा. जे निघेल ते लिहून या अंकाकडे पाठवा. सगळ्या गावांचे फळे एकत्र ठेवले तर पुढचं मागणीपत्रक आपोआप तयार होईल, आणि ते काम करणाऱ्या बायकांनीच लिहिलेलं असेल.